बर्फाच्या पाण्यातल्या चपला

"दोन पावलं चाला ना," असं ती कुणालाही म्हणायची. पोस्टमनला, गिऱ्हाइकाला, पूजेला निघालेल्या भटजींनाही. आधी पाय बघायची, मग चेहरा. भटजी चालून दाखवत म्हणाले, "पायांची पत्रिका बघतंस काय गो?" त्यावर ही गंभीरपणे, "तुमची डावी टाच जास्त झिजते."

मालवणच्या बाजारात माझं चपलांचं दुकान आहे. मागच्या खोलीत चपला बनतात. पुण्याच्या एका डिझाइन कॉलेजातून ती शेवटच्या वर्षाचं काम करायला माझ्याकडे आली होती. मूळची अमरावतीकडची. मासळी बाजारात बायका दिवसभर बर्फाच्या पाण्यात पाय ठेवून बसतात, हे तिनं आल्या आल्या पाहिलं आणि ठरवून टाकलं की चप्पल करायची ती यांच्यासाठीच. कॉलेजची अट एवढीच होती की ती चप्पल कुणीतरी खरोखर वापरली पाहिजे. नाहीतर काम धरणार नाहीत.

पहिल्या जोडाचा तळ पाण्यात सुटला. दुसऱ्याचा पट्टा चावला. "कागदावर पट्टा कधीच चावत नाही, काका," असं म्हणून तिनं मला स्वतःच्या टाचेवरचा फोड दाखवला. प्रत्येक जोड आधी स्वतः घालायचा आणि पाय बर्फाच्या बादलीत बुडवून बसायचं, ही तिची रीत. शेजारचा सोनार डोकावून विचारायचा, "चेडवाक ताप इलो हा काय रे?"

शेवटी जमलं. उंच तळ, त्याला पाणी निघून जायला भोकं, वर मऊ पट्टा. आमच्या नेहमीच्या कोळीणकाकीनं त्या घालून बाजारात एक फेरी मारली आणि म्हणाली, "कापसार चलल्यासारख्यां वाटतां गो!" त्या संध्याकाळी आम्ही दुकानात भजी मागवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं बाजारात गेलो. काकी बसली होती. पाय पाण्यात, अनवाणी. चपला मागच्या कठड्यावर, कोरड्या, नीट जोडून ठेवलेल्या.

"काकी, घातल्या नाहीत?"

"घातलंय तर! घराकडसून हयसर घालूनच इलंय. काय बऱ्यो आसत!"

"पण आत्ता?"

"आता धंद्यार बसलंय मां मी." तिनं तराजूकडे बोट दाखवलं. "काटो फुडे आसा, लक्ष्मी ती. तिच्या फुडे चपला घालून बसू?"

बाजूच्या बायका हसल्या. "शिकलेलां चेडू, पण खुळां!"

ती हसली नाही. माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "काका, तुम्हाला माहीत होतं?"

काय सांगणार? लहानपणापासून मी तिथं मासे घेतो. एकाही बाईच्या पायात चप्पल पाहिलेली नाही. माझ्या दुकानातसुद्धा आम्ही उंबऱ्याबाहेर चपला काढतो आणि आत अनवाणी बसून चपला बनवतो. तरी इतके दिवस तिला हे सांगावं असं मनात आलं नाही. रोज डोळ्यांसमोर असलेली गोष्ट माणसाला माहीत असते की नसते? तुमचंही असं कधी झालं असेल. मला तरी अजून उलगडलेलं नाही.

दुपारी ती काकीकडून तो जोड मागून दुकानात घेऊन आली. मग तिनं रापी घेतली आणि त्या जोडाचे पट्टे कापून टाकले. ज्या पट्ट्यापायी तिनं टाच सोलून घेतली, तोच.

"अगं, काय करतेस?"

"पट्टा नसला तर ती चप्पल नाही ना, काका?"

सकाळी तिनं ते नुसते तळ काकीच्या पायांशी पाण्यात ठेवले. काकीनं उलटेसुलटे करून पाहिले, मग वर पाय ठेवले. "ह्यो पाट झालो. पाट चलता." पोरगी हसली की तिला रडू आलं, मला समजलं नाही. त्याच आठवड्यात ती पुण्याच्या गाडीत बसली.

पुढे तिच्या सरांचा फोन आला. "त्या बाई चप्पल पायात घालतात का?"

"घालत नाहीत," मी म्हणालो, "तिच्यावर पाय ठेवतात."

पलीकडून "बरं, आभारी आहे." काकीच्या पायांना पाण्यानं पडलेल्या चिखल्या बऱ्या झाल्या, हे सांगायला हवं होतं. ते सुचलं फोन ठेवल्यावर. खरं बोललो, पण अर्धंच बोललो का? पुन्हा फोन लावायला धजलो नाही. तिचाही आला नाही.

परवा दुपारी काकीनं विचारलं, "तुझां तां चेडू पास झालां मां रे?"

"ठाऊक नाय, काकी."

"म्हंजे? इचारूक नाय?"

काकी उठली. दोन्ही तळ धुऊन तिनं पाटीत उरलेल्या माशांशेजारी ठेवले, जुन्या चपला पायात सरकवल्या, पाटी डोक्यावर घेतली आणि गेली.

मी तिथंच उभा राहून फोनवर लिहिलं, "काकी तुझे तळ डोक्यावरून घरी नेते." पुसलं. पुन्हा लिहिलं. हे तिला आनंदानं सांगायचं की माफी मागत, तेच ठरेना.