मैदानाकडे पाठ करून बसणारा मॅनेजर

कमळाकर महिपतीला ओळखत होता म्हणजे किती ओळखत होता, हे बघायला गेलं तर हाती फारसं लागत नाही. सहा हंगाम तो त्याच्या हाताखाली कबड्डी खेळला. त्याच्या ओटीवर चहा प्यायला, शिव्याही खाल्ल्या. पण ओटीवरून आत कधी गेला नाही. महिपती तरुणपणी स्वतः कसा खेळायचा, हेदेखील त्याला नीट ठाऊक नव्हतं. कोणी म्हणे, असा चढाईवाला पेणच्या अंगाला झाला नाही. कोणी म्हणे, छे, तो नुसता राखीव म्हणून बसायचा. विचारायचा धीर झाला नाही आणि त्यानं आपणहून कधी सांगितलं नाही. तेव्हा इथे आहे ते कमळाकरनं पाहिलं तेवढंच. त्याचा अर्थ त्याला बरोबर लागला असेल, असंही छातीठोक सांगता येत नाही.

गाव पेणच्या खाडीकाठचं. अर्धं गाव मिठागरावर, अर्धं खारजमिनीत भात लावणारं. महिपती मिठागरावरचा. अंगानं काटकुळा, आवाज मात्र बांधापलीकडे जाणारा. गावच्या कबड्डी संघाचं सगळं तोच बघायचा. स्पर्धेत लाऊडस्पीकरवरून त्याला ‘मॅनेजर’ म्हणून पुकारत, तेव्हापासून गावातली बायामाणसंही त्याला मॅनेजर म्हणू लागली.

तो पुढारी कसा होता, ते मैदानापेक्षा बांधावर जास्त दिसायचं. उधाणाच्या भरतीला बांधाला खांड पडली, म्हणजे बांध फुटून खाडीचं पाणी शेतात शिरू लागलं, की घरटी एक माणूस धावायचा. रांग लागायची आणि चिखलाचे गोळे हातोहात पुढे जायचे. खांडीच्या तोंडाशी छातीभर पाण्यात जो उभा राही, त्याचं गावात नाव होई. महिपती सगळ्यांचा म्होरक्या, पण तो रांगेच्या पार शेवटी असायचा, पाण्याकडे पाठ करून चिखल खणत.

“मी पुढं येऊन काय करू?” तो म्हणायचा. “मला बघून पानी घाबरनार हाय? हितं चिखल थांबला तर पुढच्याचे हात रिकामे राहतील.”

दुसरी गोष्ट तो सारखी ओरडून सांगायचा, “धारेच्या मधी टाकू नका रे, वाहून जाईल! कडा धरा, कडा!” दोन्ही कडांनी चिखल बसत आला की धार आपोआप अरुंद व्हायची.

कबड्डीतही त्याचं तंत्र हेच. भात काढलेल्या शेतात संध्याकाळी सराव चाले, तेव्हा त्याचं तोंड एक क्षण बंद नसे. पण सामन्याची शेवटची पाच मिनिटं राहिली की तो उठायचा, गर्दीतून वाट काढत मागे जायचा आणि चणेवाल्याच्या शेजारी मैदानाकडे पाठ करून उकिडवा बसायचा. लोकांना ही मोठीच गंमत वाटे.

“ओ मॅनेजर, कबड्डी हिकडं हाय!”

“पाठीला डोले फुटलेत त्याच्या!”

“चना खाऊ दे रे त्याला,” चणेवाला म्हणायचा, “माझं गिऱ्हाईक हाय.”

महिपती चणे चावत राहायचा. कमळाकरनं एकदा कारण विचारलं तर म्हणाला, “मी समोर असलो की तुमी माझ्या तोंडाकडं बघता. मग समोरच्याच्या पायांकडं कोन बघनार?”

पंचाण्णव सालच्या डिसेंबरात संघ रोह्याशेजारच्या अष्टमी गावातल्या स्पर्धेत अंतिम फेरीला पोहोचला. कमळाकर तेव्हा रोह्याजवळच्या एका कंपनीत ठेकेदाराकडे काम करत होता. मार्चनंतर ठेकेदार बदलणार आणि जुनी माणसं निघणार, हे सगळ्यांना कळलं होतं. त्याच कंपनीला आपल्या संघासाठी एक खेळाडू कायम नोकरीत घ्यायचा होता आणि कंपनीचे साहेब अंतिम सामना बघायला येणार होते. कमळाकर संघाचा मुख्य चढाईवाला. निघताना त्याची बायको सरू म्हणाली, “तुमी साहेबांच्या डोल्यांत भरा म्हंजे झालं. बाकी काय पन होऊ दे.”

साहेब पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले होते, पांढऱ्या सदऱ्यात. मध्यरेषा ओलांडली की कमळाकरला डोळ्याच्या कोपऱ्यातून तो सदराच दिसायचा. पहिल्या चढाईत तो उगाच खोल शिरला आणि धरला गेला. पुन्हा आत आला आणि पुन्हा धरला गेला. तिसऱ्या वेळी तर समोर पाचच गडी असताना त्यानं बोनसच्या रेषेपलीकडे पाय टाकला. सहा गडी असल्याशिवाय बोनस मिळत नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पंचानं हात वर केला नाही. ते पाचही जण त्याच्यावर पडले आणि प्रेक्षक हसले.

मध्यंतराला संघ सहा गुणांनी मागे होता. महिपती एकेकाच्या हातावर लिंबाची फोड ठेवत फिरला. कमळाकरपाशी आला आणि म्हणाला, “कमल्या, आता चढाईला जायाचं नाय. निकेश जाईल. तू पकडीला डावा कोपरा धर.”

“दादा, साहेब चढाई बघायला आलेत.”

“मग निकेशची बघतील.”

“आन माझी नोकरी?”

महिपतीनं लिंबाची फोड त्याच्या हातावर ठेवली. “नोकरी देनं माझ्या हातात नाय. कोपरा देनं हाय. घेतोस, का बाहेर बसतोस?”

कमळाकर कोपऱ्यात उभा राहिला तो धुमसतच. निकेश जेमतेम वीस वर्षांचा, कालपर्यंत त्याच्याकडून चढाई शिकणारा. तो जायचा, एखादा गुण घेऊन यायचा, टाळ्या पडायच्या. गुण हळूहळू जवळ येत गेले. दोन गुणांचा फरक राहिला तेव्हा महिपती उठला आणि नेहमीसारखा गर्दीत शिरला.

कमळाकरनं पाहिलं तर बाकावर नुसता महिपतीचा खांद्यावरचा पंचा पडलेला. ‘मला बुडवलं आणि हा पळाला,’ असं त्याच्या मनात आलं. रागानं बघायला तिथे कोणी नव्हतं, धीर द्यायलाही नव्हतं. तेवढ्यात समोरून त्यांचा हुकमी चढाईवाला दम घेऊन आत आला आणि कमळाकरला दुसरीकडे बघायला सवडच राहिली नाही.

गडी उजव्या बाजूला झुकला. एरवी कमळाकर आधीच त्याच्या घोट्यावर झेपावला असता आणि एकटा पडून बाद झाला असता. आज तो थांबला. उजव्या कोपऱ्यानं कड धरली, तशी त्यानं डावीकडून धरली. मधली जागा आवळत गेली. गडी परत फिरायला वळला आणि कमळाकरनं त्याचा घोटा धरला. बाकीचे त्याच्यावर कोसळले. पुढे आणखी एक पकड अशीच झाली आणि गुण बरोबरीत आले. शेवटची चढाई निकेशची. त्यानं एकाला हात लावला, मध्यरेषा गाठली आणि गाव मैदानात घुसलं.

निकेशला खांद्यावर घेतलं गेलं. साहेब खुर्चीवरून उठून आले, त्याची पाठ थोपटली, गाव विचारलं आणि सोमवारी कंपनीत यायला सांगितलं. डाव्या कोपऱ्यातला कोण, हे त्यांनी विचारलं नाही. परतताना टेम्पोत सगळे गात होते. कमळाकर फाळक्याला धरून उभा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो महिपतीच्या ओटीवर गेला.

“दादा, मला कोपऱ्यात उभं केलंत तर माझी नोकरी जानार, हे तुमाला ठावं होतं ना?”

“व्हय.”

“मग?”

महिपती म्हणाला, “खेल चालू होता तवा तुझी नोकरी मी डोक्यातनं काढून ठेवली होती. ठेवली नसती तर मी पन तुझ्यासारखा त्या खुर्चीकडंच बघत बसलो असतो. मग बाकीच्या सहांचं काय?” मग तो पुढे म्हणाला, “आता खेल संपलाय. आता ती डोक्यातनं जात नाय. घरात चा ठेवायला सांगू?”

कमळाकर नको म्हणाला आणि निघून गेला. त्याला ते उत्तर पटलं असं नाही. फक्त ते खोटं नव्हतं, एवढं कळलं.

मार्चला ठेकेदार बदलला आणि त्याचं काम सुटलं. काही दिवस तो गावात नुसता फिरला. मग महिपतीच्याच टोळीत मिठागरावर गेला. दोघं शेजारी शेजारी मीठ ओढायचे, पण अष्टमीचा विषय कोणी काढला नाही. पुढच्या हंगामात पकड शिकवायचं काम महिपतीनं त्याच्यावर सोपवलं. पावसाळ्यात मिठागर बंद झालं, तेव्हा कमळाकर हमरापूरला एका गणपतीच्या कारखान्यात लागला. आधी मूर्ती घासायच्या, मग रंगाचा पहिला हात द्यायचा. तिथेच तो टिकला.

महिपती अठ्ठ्याण्णव सालच्या पावसाळ्यात गेला. त्याआधी काही दिवस दोघांची पेणच्या एसटी स्टँडवर गाठ पडली होती. महिपती एकटाच डॉक्टरकडे आला होता, आणखीच वाळला होता. कमळाकर कामावर निघाला होता.

“सोबत येऊ का, दादा?”

“नको. हंगामाचे दिवस, खाडा नको करू. कायम केला काय तुला?”

“कारखान्यात कायम असं नसतं. पन मालक सोडत नाय.”

“मग बरं हाय.” महिपतीनं त्याच्या पायांकडे बघितलं. “चपला नव्या घेतल्यास?”

“व्हय.”

“चावतात?”

“थोड्या.”

“तेल लाव,” महिपती म्हणाला.