खोब्रागडे सर आणि शून्याची नोंद

खोब्रागडे सरांना मी प्रथम भेटले ती नागपूरच्या विमान-दुरुस्तीच्या हँगरात. शिकाऊ म्हणून काटोलहून बसनं धापा टाकत पोहोचले होते. सरांनी नाव-गाव काही विचारलं नाही. "डबा पाहला का वं विमानातला?" म्हणत थेट कामाला जुंपलं. आज सर पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत, तरी त्यांचा आवाज कानावर आला की मी अजून ताठ उभी राहते.

तो डबा म्हणजे इनर्शियल यंत्रणा. डोळे बांधून पावलं मोजत घरात फिरावं, तसं तिचं काम. विमान किती वळलं, किती वेग घेतला हे आतल्या आत जाणून, निघालो तिथून आता कुठं आलो याचा ती हिशेब करते. बाहेरचं काही लागत नाही. पण तासागणिक थोडी चूक साठत जाते. ती चूक जीपीएस उपग्रहांच्या मदतीनं सुधारतो. जीपीएसचा संकेत तुटला, तर डबाच विमान सांभाळतो.

उड्डाणानंतर डबा एकटा किती भरकटला, ते वहीत लिहिणं माझ्याकडं होतं. तीन वर्षं राबून, विमान उडण्यायोग्य असल्याची सही करण्याच्या परवान्याच्या दाराशी आले होते आणि सगळं सरांच्या शिफारशीवर अडलं होतं. त्याच आठवड्यात वहीत एका विमानाच्या नावापुढं मी सलग तीन दिवस लिहिलं: फरक शून्य.

सरांनी वही पाहिली. "काहून वं, तीन दिवस जराही भरकटला नाही? असा डबा अजून कोणाले बनवता आला नाही. कोणतं पान पाहून राहिली होती?"

मी विमानातल्या पडद्याकडं धावले. पडद्यावर मी जीपीएसनं आधीच सुधारलेल्या आकड्यांचं पान पाहत होते! एकट्या डब्याचं पान उघडलं, तर फरक मर्यादेच्या कितीतरी बाहेर.

प्रवासी खोळंबलेले. व्यवस्थापक म्हणाले, "जीपीएस चालू आहे ना सर? जाऊ द्या."

"तो आहे तवरच तुमचं खरं. तो गेला तर पायलट कोणाले विचारन? डबा बदलल्याबिगर विमान हलणार नाही!" असं म्हणून सर शिडीच्या पायरीवर ठाण मांडून बसले. नवा डबा बसला. त्याला आपली जागा नीट कळेपर्यंत विमान जराही हलू द्यायचं नसतं. तेवढा वेळ सरांनी कुणाला पंखालाही हात लावू दिला नाही.

मी तिन्ही नोंदींवर रेघ मारली, शेजारी लिहिलं, "मी चुकीचं पान पाहिलं." मग शिफारशीचा कोरा अर्ज सरांपुढं ठेवला आणि म्हणाले, "सर, फाडून टाका." रडू आवरत नव्हतं.

माझे वडील दवाखान्यात असताना आठ दिवस गुपचूप माझ्या पाळीचं काम करणारे हेच सर. पण कामात त्यांनी कधी कुणाला सूट दिली नाही, म्हणून मला आशा नव्हती. सरांनी वही वाचली, खिशातलं पेन काढलं आणि अर्जावर सही केली.

"आता तुह्या सहीवर मी माह्या नातीले विमानात बसवीन," ते म्हणाले.

सर, आपल्याला निरोगी, भरभरून आयुष्य लाभो. परवा आपली नात पहिल्यांदा विमानानं निघाली. त्या विमानाच्या वहीत सही माझी होती, आणि पान मी दोनदा पाहिलं होतं.