ओल्या दगडाचा वास

वायनरीत जेवायला चाललोय, हे मी शेजारणीला सांगितलं नाही. द्राक्षाचा मळा बघायला चाललोय, एवढंच म्हणाले. ते काही खोटं नव्हतं. निलंग्याच्या वाटेवर, मोठ्या रस्त्यापासून बरंच आत, खरोखरच द्राक्षाचा मळा होता आणि त्या मळ्यात आमच्या एका जुन्या पोरानं वायनरी उभी केली होती.

पोरगा माझ्या मेसमधला. लातूरला क्लासेसचं पेव फुटलं त्या वर्षांत माझे यजमान एका क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवायचे. त्यांना सगळी गल्ली सर म्हणते, मीही म्हणते. आमच्या गल्लीत तेव्हा घर तिथं कॉटबेसिसवर राहणारी पोरं आणि वळण तिथं क्लासची पाटी होती. मी पडवीत पोरांना जेवू घालायचे. हा किनवटकडचा, आश्रमशाळेच्या वसतिगृहात वाढलेला. डॉक्टर व्हायला आला होता. ते काही जमलं नाही. मग शेतकी शिकला, नाशिककडच्या एका वायनरीत कामाला लागला, आणि लग्न झाल्यावर सासऱ्याच्या द्राक्षमळ्यात स्वतःचं काम सुरू केलं. एक दिवस त्याचा फोन आला.

"काकू, तुम्ही मला लई दिवस जेवू घातलं. आता मी तुम्हाला घालून राहिलो. सरांना घेऊन या. एकेक पदार्थ आणि त्याच्याबरोबर एकेक वाईन."

"अरे, मी कुठं पिते?"

"नका पिऊ. वास तर घ्या."

थंडी सरत आली होती. आम्ही दुपारच्या जेवणालाच पोचलो. तो आणि त्याची बायको फाटकाशी उभे होते. बायको निलंग्याची, बोलकी, हसरी. त्यानं आधी स्टीलच्या उंच टाक्या दाखवल्या. सरांनी जन्मभर साखरेचं अल्कोहोल फळ्यावर केलेलं. त्यांनी एका टाकीला कान लावला आणि आत बुडबुडे ऐकू येतात तशी मान हलवत उभे राहिले. मला हसू आलं.

मग तो म्हणाला, "आता खाली चला. तळघर केलंय दगडाचं. तिथंच ताटं मांडलीत."

दगडी जिना खाली उतरत होता. आतून गार हवा येत होती. सर दोन पायऱ्या उतरले आणि थांबून माझ्याकडं बघू लागले. त्यांना माहीत होतं. आमच्या घरावर आजही पत्रे आहेत. स्लॅब टाकू, असं ते एकदाच म्हणाले होते. मी नको म्हटल्यावर त्यांनी तो विषय परत काढला नाही.

"माझे गुडघे दुखतात रे," मी म्हणाले. "मी वरच बसते. तुम्ही जेवा खाली."

त्याचं तोंड उतरलं. ते तळघर त्यानं किती हौसेनं बांधलं असेल, हे मला दिसत होतं. पण तो "वर तर वर," म्हणाला, आणि नवरा-बायको दोघंही लगेच टेबल वर आणायला लागली. सरही हात लावायला गेले. टेबल, खुर्च्या, पांढरी चादर, पातळ काचेचे उंच ग्लास, सगळं वर आलं आणि कडुलिंबाच्या झाडाखाली मांडलं गेलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पहिल्यांदा हुरडा आला, तिळाच्या चटणीबरोबर. मोठ्या पांढऱ्या ताटाच्या मधोमध मूठभर. एवढ्या वाढपावर आमच्या मेसमधली पोरं रडली असती. मी तसं म्हटलं, तर तो खो खो हसला. मग त्यानं गार पांढरी वाईन ओतली आणि ग्लास कसा फिरवायचा ते मला दाखवलं.

"काकू, नाक आत घाला. लिंबू येतंय का? आणि मागून, पाऊस पडल्यावर दगड भिजतो ना, तो वास. ओल्या दगडाचा. येऊन राहिला का?"

मी वास घेतला. लिंबू आलं. आणि मग तोही आला.

मी ग्लास खाली ठेवला. खुर्ची मागं सरकवली. त्याची बायको उठून माझ्याजवळ आली. "काकू, काय झालं? पाणी देऊ?"

"मला हा वास माहिताय," मी म्हणाले. "माझे गुडघे नाही दुखत. मी दगडाखाली जात नाही."

भूकंप झाला तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. किल्लारीच्या बाजूलाच आमचं गाव, दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं जाड माळवद. मोठी बहीण गणपतीला माहेरी आली होती. आम्ही दोघी शेजारी निजलेलो. पहाटे घर अंगावर आलं. एक तुळई आडवी पडली आणि तिच्याखाली आम्हाला जरा जागा राहिली. ताई मला दिसत नव्हती, तिचा आवाज तेवढा येत होता. मग वर पाऊस सुरू झाला आणि दगड भिजायला लागले.

एवढं सरांना ठाऊक होतं. पुढचं मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. त्या लिंबाखाली सांगितलं.

मला झोप येत होती. ताई झोपू देत नव्हती. म्हणाली, बाहेर निघाल्यावर मी तुला जेवायला वाढते, ऐक. आणि ती वाढायला लागली. आधी धपाटे, मग दही, मग येसर आमटी. ताईला सैपाक मुळीच यायचा नाही. तिची भाकरी तव्यावर टाकता टाकता फाटायची. धपाट्यात काय काय घालते ते ती सांगू लागली, तर तीळच विसरली. मी मातीनं भरलेल्या तोंडानं म्हणाले, "ताई, तीळ राहिले." ती म्हणाली, "घालते गं, घालते." असं किती वेळ चाललं होतं कुणास ठाऊक. भात वाढायच्या आधी तिचा आवाज बंद झाला. मी हाका मारत राहिले. त्या हाका ऐकूनच लोकांनी मला काढलं.

त्याची बायको डोळे पुसत होती. तो पुढ्यातला ग्लास उचलून न्यायला लागला.

"राहू दे," मी म्हणाले. "नेऊ नको."

मी एक घोट घेतला. आंबट लागला, जिभेला जरा चावला. फार आवडला असं नाही. पण ग्लास मी संपवला.

पुढचं जेवण सावकाश झालं. गुलाबी वाईनबरोबर नेमके धपाटेच होते. त्यानं घाबरून माझ्याकडं बघितलं. मी एक तुकडा मोडून खाल्ला आणि म्हणाले, "यात तीळ आहेत." मग सगळेच हसलो, आणि हसता हसता मला रडू आलं. मटणाबरोबर लाल वाईन होती. ती मला तुरट लागली, सरांना मात्र फार आवडली. शेवटी खव्याची पोळी आणि घोटभर गोड वाईन. ती मी मागून घेतली.

निघताना तो सरांना वाईनची लाकडी पिंपं दाखवायला खाली घेऊन गेला. मला कुणी चल म्हटलं नाही, मीही गेले नाही. त्याची बायको माझ्याबरोबर लिंबाखाली बसून राहिली. सर वर आले तेव्हा त्यांच्या शर्टाला लाकडाचा वास येत होता. "छान आहे तळघर," एवढंच ते हळूच म्हणाले.

परतताना गाडीत आम्ही दोघंच होतो. आमच्या घरी ताईचा हार घातलेला फोटो आहे, पण तिच्याबद्दल त्यांनी मला कधी काही विचारलं नव्हतं. मला त्रास होईल म्हणून असेल. औसा मागं पडल्यावर ते म्हणाले, "ताई कशा होत्या गं?"

मी सांगू लागले. ती पालीला भ्यायची. दूध हमखास उतू घालवायची. गाणं म्हणायला लागली की वडील घराबाहेर जायचे. सर गाडी हळू चालवत होते, मधूनच हसत होते. क्लासेसच्या पाट्या दिसायला लागल्या तेव्हा मी तिच्या लग्नात ती कशावरून रुसली होती, तिथपर्यंत आले होते.