बर्फाच्या हौदातला सौदा

कोल्हापूरच्या बाजारात मला आता नाक मुरडता येत नाही. याला माझा जावई जबाबदार आहे.

नाक मुरडणं हे माझं भांडवल होतं. गारगोटीहून एक पिशवी घेऊन आलो आणि शाहूपुरीत पंपाच्या सुट्या भागांचं दुकान उभं केलं, ते याच नाकाच्या जोरावर. नियम साधा आहे. जी वस्तू हवी असेल तिच्याकडे मेलेल्या उंदराकडे बघावं तसं बघायचं आणि जी नको असेल तिची तोंड दुखेपर्यंत तारीफ करायची. विकणारा गोंधळतो आणि हवी ती वस्तू पडत्या भावात गळ्यात मारतो. (मुलगी बघायला गेलो तेव्हाही सवयीनं नाक मुरडलं होतं. सासऱ्यांनी घाबरून दुसऱ्यांदा शिरा आणला. आमची मंगल ते अजून विसरलेली नाही.)

आमच्या लेकीच्या, शैलाच्या लग्नानंतर पहिलाच अधिक महिना आला, तो नेमका भर उन्हाळ्यात. जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे आणि ताटाबरोबर एखादी भारी वस्तू द्यायची. लोक चांदीचं काहीतरी देतात. मी चांदीवाल्याशी भांडायची तयारी करून बसलो होतो, तर जावई विलासराव म्हणाले, "मामा, चांदी नको. पाण्याखाली श्वास घ्यायचा रेग्युलेटर मिळतो का बघा."

मला पंख्याचा आणि गॅसचा रेग्युलेटर माहीत होता. श्वासाचा नवीन होता.

विलासराव व्यापारी जहाजावर इंजिनिअर. जहाज थंड मुलखातल्या बंदराला लागलं की तिथली मंडळी पाठीवर हवेचं नळकांडं बांधून समुद्रात बुड्या मारायची. हेही ते शिकले होते.

"पैसं देऊन बुडायचं?" मी विचारलं.

"हौस म्हणून, मामा."

"पंचगंगेत फुकट बुडता येतंय की."

"तिथलं पाणी बर्फासारखं असतं. म्हणून तर रेग्युलेटर निवडून घ्यावा लागतो. एक असतो दोन नळ्यांचा, जुन्या पद्धतीचा. एक असतो एका नळीचा, नवा. आमचे चीफ इंजिनिअर म्हणतात, थंड पाण्यात एका नळीचा कधीकधी आतून गोठतो आणि उघडाच राहतो. हवा भसाभसा निघून जाते."

"आणि मग?"

"मग वर यायचं. वेळ मिळाला तर."

शैला तिथंच आंबे चिरत बसली होती. तिची सुरी थांबली. मंगलनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू समुद्र मीच थंड केला होता. मी छातीवर हात मारून म्हणालो, "मी हाय न्हवं? दोन्ही मागवतो, दोन्ही तपासतो. चांगला असंल त्योच जावयाला."

आमचे हुसेनभाई जहाजांच्या भंगाराचा व्यापार करायचे. मुंबईहून माल आणून कोल्हापूरच्या ओतशाळांना विकायचे. वीस वर्षांची दोस्ती आणि वीस वर्षांचं भांडण. त्यांनी मुंबईच्या भाच्याकडून दोन्ही नमुने मागवले, बरोबर हवा भरलेलं एक नळकांडं. किंमत सांगून म्हणाले, "तपासा, एक ठेवा, एक परत द्या."

आता थंड पाण्याची वस्तू तपासायची तर थंड पाणी पाहिजे. आणि आमच्या राजारामपुरीत त्या दिवसांत नळालासुद्धा चहाच्या आधणासारखं कढत पाणी यायचं. मी बर्फाच्या कारखान्यातून हातगाडीभर लाद्या आणल्या आणि परसातल्या सिमेंटच्या हौदात ढकलल्या. लाद्यांवरचा भुसा धुऊन निघेपर्यंत निम्मी गल्ली परसात होती. शेजारच्या काकू पातेलं घेऊन आल्या.

"एक खडा द्या की, पन्ह्यात टाकायला."

"काकू, हितं माणसाच्या जिवाचा प्रश्न हाय."

"व्हय, म्हणून एकच मागतोय."

विलासराव शर्ट काढू लागले. मी त्यांना थांबवलं. अधिक महिन्यात जावयाला बर्फात बसवला असता तर गल्लीनं मला वाळीत टाकलं असतं. मीच उतरलो. त्यांनी नळकांड्यावर दोन नळ्यांचा रेग्युलेटर बसवून दिला. पाण्यात अंग वर येऊ लागलं, म्हणून मंगलनं स्वयंपाकघरातला दगडी पाटा माझ्या मांडीवर ठेवला. नाकात पाणी जाऊ नये म्हणून कपडे वाळत घालायचा चिमटा नाकाला लावला. (हा अपशकुन मला तेव्हाच कळायला हवा होता.) हुसेनभाई ओट्यावर खुर्ची टाकून बर्फ चघळत बसले.

बर्फाच्या पाण्यात बसल्यावर पहिल्यांदा काय होतं ते छापण्यासारखं नाही. पण मग मी श्वास घेतला आणि हवा आली. सोडला, बुडबुडे मानेमागून गेले. पुन्हा घेतला, पुन्हा आली. दात तोंडातल्या रबरावर तबला वाजवत होते, पण ती वस्तू बैलासारखी शांत चालत होती. मी मनात म्हणालो, हीच.

मग एका नळीचा लावला. दिसायला देखणा, चकचकीत. सुरुवातीला हवाही अशी मऊ आली की वा. मी थंडीनं भराभरा श्वास घेऊ लागलो आणि एकाएकी त्यानं ऐकायचंच बंद केलं. मी घेत नसताना हवा तोंडात घुसू लागली. गाल फुगले, हौद तांबड्या रश्श्यासारखा उकळू लागला, बर्फाचे तुकडे उडून काकूंच्या पातेल्यात पडले. मी पाटा टाकून उभा राहिलो. नळकांडं फुस्स करून रिकामं झालं.

चीफ म्हणाले होते तेच झालं होतं. आता फक्त तोंड उघडून सांगायचं होतं, "दोन नळ्यांचा द्या."

पण समोर हुसेनभाई बसले होते. विकणाऱ्यासमोर पसंती सांगायची? माझ्या जिभेनं सवयीचा रस्ता धरला. मी चिमटा काढला, दोन नळ्यांचा रेग्युलेटर दोन बोटांत उचलला आणि आयुष्यातलं सर्वांत चांगलं नाक मुरडलं.

"ह्यो बाद हाय, भाई. रबराचा वास मारतोय. म्हशीच्या गळ्यात बांधायच्या लायकीचा. त्यो दुसरा मात्र झकास."

"झकास?" विलासराव म्हणाले. "पण मामा, शेवटी हवा आपोआप सुटली ना?"

"छे. हवा सोडायचं मधलं बटन मीच दाबून धरलं हुतं. जोर बघत हुतो."

माझा हिशोब असा, की आता हुसेनभाई पडत्या चेहऱ्यानं म्हणणार, मग हा म्हशीचा निम्म्यात घ्या. मी उपकार केल्यासारखा घेणार. पण हुसेनभाईंनी बर्फाचा आणखी एक तुकडा तोंडात टाकला. आणि नुसता चघळत बसले. बोलला तो माझा जावई. चांगल्या घरातला मुलगा, मोठ्यांच्या शब्दाबाहेर न जाणारा.

"मामांनी स्वतः बसून पाहिलंय. मग एका नळीचाच घेऊ."

मी त्यांना डोळा मारला. मंगल म्हणाली, "डोळ्यात पाणी गेलं का ओ?" मी विलासरावांच्या पायावर पाय दिला. त्यांनी "माफ करा, मामा" म्हणून पाय बाजूला घेतला. मी शैलाकडे बघून मान हलवली. ती म्हणाली, "आई, बाबा लई कुडकुडतायत, आधी वाणाचं आटपून घेऊ." आणि टॉवेल माझ्या डोक्यावर टाकला. टॉवेलातून बाहेर येईपर्यंत मंगलनं पाट मांडला होता, विलासरावांना बसवलं होतं आणि चकचकीत रेग्युलेटर धोंड्यांच्या ताटात ठेवून त्याला हळदीकुंकू लावत होती. एकदा ते ताट जावयाच्या हातात गेलं की परत घेता येत नाही. दिलेलं वाण कुणी परत घेत नाही.

शैला नवऱ्याकडे बघून हसत होती. ती निर्धास्त होती. बाबांनी तपासलंय म्हटल्यावर तिला काळजी कसली?

मंगलनं ताट उचललं. मी हुसेनभाईंकडे पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते.

"ठेव ते खाली," मी ओरडलो. काकूंच्या हातातलं पन्हं सांडलं. "त्यो गोठतोय. हवा आपोआपच सुटली. बटन मला सापडलंसुदिक न्हाई. दोन नळ्यांचा चांगला हाय, लई चांगला हाय, असली वस्तू मी जल्मात बघितली न्हाई. त्योच द्यायचा."

परसात हौदातला बर्फ तडकलेला तेवढा ऐकू आला. विक्रेत्यासमोर मालाची तारीफ, आणि तीही पैसे देण्याआधी. टॉवेल गुंडाळून मी माझा तीस वर्षांचा धंदा बुडवला होता.

शैला आत गेली आणि माझ्यासाठी आल्याचा चहा घेऊन आली. विलासराव उठून माझ्या पाया पडले. मंगलनं चकचकीत रेग्युलेटरचं कुंकू पुसून ते दुसऱ्याला लावलं.

"मग भाई," मी चहा घेत म्हणालो, "किंमत काय धरायची?"

"सांगितली तीच की."

"अवो, काय तरी कमी करा. जुन्या पद्धतीचा हाय."

"असली वस्तू तुमी जल्मात बघितली न्हाई. आत्ताच सांगितलंसा, ह्या पावण्यांच्या म्होरं." मग जरा जवळ येऊन हळूच म्हणाले, "तुमी नाक मुरडलं तवाच मला कळलं हुतं कुठला चांगला ते. वीस वर्सं बघतोय की. पोरीच्या नवऱ्याच्या हातात चुकीचा जाऊ दिला नसता मी. ताट उचललं तवा बोलणारच हुतो."

हीच ती माझी जखम. बोलणारच होते! म्हणजे एक श्वास मी गप्प राहिलो असतो तर पहिलं तोंड त्यांनी उघडलं असतं, आणि पुढचा सगळा सौदा माझा होता. पण सगळी दुपार श्वास घ्यायचा सराव केलेला माणूस त्या एका श्वासापुरता थांबू शकला नाही.

विलासराव तो रेग्युलेटर घेऊन जहाजावर गेले आणि दर वेळी सुखरूप वर आले. मला मात्र असं पडसं झालं की आठवडाभर तोंडानंच श्वास घेत होतो, आणि तोही कुठल्याच नळीशिवाय.

हुसेनभाईंनी ही गोष्ट आठ दिवसांत शाहूपुरीपासून भाजी मंडईपर्यंत पोचवली. परवा मंगलला लुगडं घ्यायला गेलो. एक फार आवडलं. सवयीनं मी नाक मुरडलं, "कसला हा रंग," असं म्हणायला तोंड उघडलं, तर दुकानदारानं लुगडं कागदात गुंडाळायला सुरुवात केली होती.

"लईच आवडलेलं दिसतंय, मालक. दोन बांधू का?"