बांधात राहिलेला भाऊ

वसईचा इतिहास म्हटलं की जो तो किल्ल्याकडे बोट दाखवतो. दाखवू दे. पण शहराचा एवढा मोठा भाग ज्या जमिनीवर उभा आहे, ती खाडीकडून हिसकावून घेतली कुणी? मातीचे बांध घालून, भरती अडवून मिठागरं आणि भातशेती करणाऱ्यांचं नाव एकाही पाटीवर नाही. मला याची चीड येते. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर बांधांचे जुने नकाशे घेऊन मी या माणसांच्या मागे लागलो.

नालासोपाऱ्याच्या पूर्वेला एक आजी भेटल्या. बांधाला खांड पडली, म्हणजे तो फुटून पाणी आत घुसू लागलं, की दर घरातून एकानं चिखल टाकायला जायचं, हा त्यांच्या गावचा नियम. वडील अंथरुणाला खिळलेले, म्हणून थोरला भाऊ गेला. उधाणात पायाखालचा बांध सुटला आणि तो खांडीत ओढला गेला. लोकांनी हात थांबवले नाहीत. थांबवले असते तर सगळ्यांची शेतं गेली असती. खांड बुजली. भाऊ आतच राहिला.

दर सर्वपित्रीला आई त्या जागी पान ठेवायची, तिच्यामागे आजी ठेवू लागल्या. पुढे जमिनी विकल्या गेल्या, बांध सपाट झाला आणि जागाच हरवली.

"तुमचे नकाशान माजे दादाची जागा गावल का?" त्यांनी विचारलं.

त्यांनी सांगितलेल्या खुणांवरून जुन्या नकाशात जागा धरली आणि तो आजच्या रस्त्यांवर ठेवून पाहिला, तेव्हा ती एका इमारतीच्या पार्किंगमध्ये निघाली. शोध लागल्याचा मला आनंद झाला आणि लगेच त्या आनंदाची लाज वाटली.

यंदाच्या सर्वपित्रीला वॉचमनच्या विनवण्या करून आम्ही आत गेलो. आजींनी दोन गाड्यांच्या मधे, खांबाशी पान ठेवलं. वर स्लॅब, कावळा येणार कुठून? तरी त्या वाट बघत राहिल्या. कावळा शिवत नसेल, तर गेलेल्याचा जीव कशात अडकलाय ते ओळखून त्याला शब्द द्यावा लागतो. खूप वेळानं त्या फरशीकडे वाकल्या.

"दादा, आता पानी नाय येत. बांध सोड. घरा ये."

खांबावर यंदाच्या पावसात तुंबलेल्या पाण्याची रेघ कमरेइतकी उंच होती. ती त्यांना दिसू नये म्हणून मी खांबाला पाठ लावून उभा राहिलो.