धोंड्याचं वाण आणि टू-वे जॅक

"भाऊ, जवाईले देवानं शे. जायीनं काही दखाड."

धरणगावच्या अक्का काउंटरवर कोपर टेकून एवढंच बोलल्या. मग माझ्याकडे अशा बघत राहिल्या की जाळीचं काही नसेल तर मी शटर ओढून घरी जावं. 'देवानं' म्हणजे द्यायचं आणि 'जायी' म्हणजे जाळी. आमच्या खानदेशी बोलीत 'ळ' टिकत नाही. उन्हानं वितळून त्याचा 'य' होतो.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी जळगावात एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सेल्समन होतो आणि मेकॅनिकही. पगार एकाचाच. झोपेतून उठवून हेडफोनची पिन जिभेला लावली तरी ती स्टिरिओची की मोनोची ते मी सांगायचो. खोटं वाटत असेल तर आमच्या शेठजींना विचारा. ते आता हयात नाहीत, म्हणूनच बिनधास्त विचारा म्हणतो.

त्या वर्षी अधिक महिना ऐन उन्हाळ्यात आला होता. काउंटरवरच्या कॅसेटी दुपारपर्यंत पापडासारख्या वाकायच्या. एका भजनाची कॅसेट एवढी तापली की बुवांचा आवाज पातळ होऊन बाईचा झाला. गिऱ्हाइकानं तीही नेली, वर म्हणाला, ही बाई बुवांपेक्षा बरी गाते.

अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना. त्यात लेक-जावयाला घरी बोलावून जेवू घालायचं आणि वाण द्यायचं. वाण जाळीचं लागतं, म्हणजे त्याला भोकं हवीत. म्हणून अनारसे देतात, बत्तासे देतात. इथवर आमच्या दुकानाचा काही संबंध नव्हता. पण अक्कांच्या धुळ्याच्या जावयाकडे वॉकमन होता. लग्नात मामानं दिलेला. तेव्हा कुठल्याही कंपनीचा असला तरी त्याला वॉकमनच म्हणत. खिशात मावणारा कॅसेट प्लेअर, आवाज फक्त हेडफोनमधून. जावयाला दुसऱ्या कशाची हौस नव्हती. म्हणून अक्कांनी ठरवलं होतं, अनारशांसोबत त्या यंत्राचंच काहीतरी द्यायचं.

"बजेट किती, अक्का?" मी विचारलं.

त्यांनी पदराची गाठ काउंटरवर ठेवली. "ह्या गाठमा जे शे, त्यामा बसाड."

गाठ लहान होती. मी खालच्या खणातला माल काढला.

पहिल्यांदा फोम. हेडफोनच्या दोन्ही चकत्यांवर स्पंजाची टोपडी असतात, ती वर्षभरात घामानं झडतात. नवी जोडी स्वस्तात मिळते. मी एक टोपडं उजेडाला धरलं. "बघा अक्का, अनारशाला कधी एवढी जाळी पडली होती का? लाख भोकं आहेत."

अक्कांनी ते बोटानं दाबून पाहिलं. "कानले मऊ लागी?"

"एकदम. दिवसभर घातला तरी कान दुखणार नाही."

"मंग नको."

माझ्या आयुष्यात माल चांगला आहे म्हणून नको म्हणणारं ते पहिलं गिऱ्हाईक. मी चार्जर काढला. वॉकमनला दोन पेन्सिल सेल लागतात आणि ते सारखे संपतात. चार्जरसोबत येणारे सेल रात्री भिंतीतल्या प्लगला लावायचे, सकाळी पुन्हा ताजे. "ह्यात सेल संपायची भानगडच नाही," मी म्हणालो.

अक्का एवढ्या जोरात मागे सरकल्या की मागचा टेबल फॅन हलला. "तो तर दखाडू बी नको! सेल सरनात का तवयच तो मन्ही पोरशी बोलस!"

मग सगळं बाहेर आलं. जावई पतपेढीत कारकून. माणूस सालस, निर्व्यसनी. संध्याकाळी घरी आला की कानाला ते लावायचा. सुनंदा, म्हणजे अक्कांची मुलगी, चहा घेऊन यायची, काही विचारायची. तो मान हलवायचा. हो का नाही, ते मानेलाच ठाऊक. एकदा ती म्हणाली, "माझ्या पोटात दुखतंय." तो हसून म्हणाला, "छान झालाय." त्याला वाटलं, चहाबद्दल विचारते आहे. आठ-पंधरा दिवसांनी सेल संपले की एक संध्याकाळ तो बोलका व्हायचा. दुसऱ्या दिवशी नवे सेल. घरात तिसरं माणूस त्याची आई. तिच्यापुढे सुनेनं नवऱ्याबद्दल तोंड उघडायची सोय नव्हती.

"तुम्हीच सांगा ना जावईबापूंना," मी म्हणालो.

"मी? सासू शे मी त्यानी. जवाईले बोलानं ऱ्हास का?" त्यांचे डोळे भरले, पण त्यांनी ते पुसले नाहीत, फॅनकडे तोंड करून वाळवले. "म्हनीसन तर तुनाकडे उनू. असं काही दे का मन्ह तोंड बी उघडाले नको, नि पोरले तिना मानूस मियाले पाहिजे."

बघा आता. वीस वर्षं गिऱ्हाइकं यायची ती आवाज वाढवायला. ही बाई मुलीचा संसार घेऊन आली होती आणि तो खालच्या खणातल्या मालात बसवायचा होता.

गल्ल्यावरून शेठजी ओरडले, "प्रभाकर, ते छोटे स्पीकर दाखव की! हेडफोनच नको. आणि त्याला जाळी पण आहे!"

शेठजींनी मुंबईहून त्या स्पीकरची पेटी आणली होती आणि ती उंदीरसुद्धा कुरतडत नव्हते. अक्कांची नजर मात्र जाळीवर गेली. मी लावून दाखवले. आतून डासाला पडसं झाल्यासारखा आवाज आला.

"हे दुखनाईत शे का?" अक्कांनी विचारलं.

मी समजावून सांगितलं. वॉकमनमध्ये जोर असतो तो कानाशी बोलण्यापुरता. खोलीभर आवाज हवा तर स्पीकरमध्ये स्वतःचा अॅम्प्लिफायर लागतो, म्हणजे आवाज मोठा करणारं सर्किट. तसले स्पीकर वरच्या फळीवर होते आणि अक्कांची गाठ खालच्या खणाएवढीच होती. शेठजींनी पुन्हा पेपरात तोंड घातलं.

तेव्हा मला टू-वे जॅक आठवला. करंगळीएवढी वस्तू. एका बाजूला पिन, ती वॉकमनमध्ये घालायची. दुसऱ्या बाजूला दोन भोकं, त्यात दोन हेडफोन. एक कॅसेट, दोन माणसं. सोबत एक साधा हेडफोन. सगळं मिळून गाठीत बसत होतं.

"हे बघा अक्का. एक जावईबापूंच्या कानाला, एक सुनंदाताईंच्या. वायर हातभरच आहे. ऐकायचं तर शेजारी बसावंच लागेल. आज शेजारी बसतील, उद्या बोलतील."

अक्कांनी जॅक उलटसुलट करून पाहिला. "पन वाण जवाईनं ऱ्हास. त्यामा पोरनं कसं टाकू?"

"धोंड्याला लेक-जावई लक्ष्मीनारायण म्हणून बसवता ना? मग वाणही जोडीचंच पाहिजे. आणि भोकं मोजा. जॅकला दोन, ह्या हेडफोनच्या फोमला लाखो."

अक्का पहिल्यांदा हसल्या. गाठ सुटली. त्या वस्तू मी अशा गुंडाळल्या की सोनारानंही बघून शिकावं.

पुढचं मला नंतर कळलं. धरणगावला जेवण झकास झालं. खापरावरचे मांडे एवढे मोठे की जावयानं एक उचलला तेव्हा पलीकडची सुनंदा दिसेना. ताटात अनारसे, मधे दिवा, शेजारी माझं पाकीट. रिवाजाप्रमाणे ते कोणी तिथे उघडलं नाही. ताट झाकून धुळ्याला गेलं.

पंधरवड्यानं अक्का पुन्हा दुकानात. ह्या वेळी कोपर टेकलं नाही, मूठ आपटली.

"तुन्ही ती जोडी आते मायलेक लायी बसतस! मन्ही पोर तठे एकली!"

झालं होतं असं. माहेरहून आलेलं ताट आधी सासूच्या हातात जातं. विहीणबाईंनी पाकीट उघडलं. आत हेडफोन पाहिला. पोराकडे एक आहेच, मग हा दुसरा कोणाचा? वाणासोबत विहिणीचा मान म्हणून काहीतरी यायचंच. त्यांनी तो डोक्याला लावला आणि म्हणाल्या, "बघा, माझी आठवण ठेवली. विहीण मोठ्या मनाची आहे." त्यावर कोण काय बोलणार? सुनंदानं ताट विसळायला घेतलं. अक्कांना निरोप आला तो कौतुकाचा, त्यामुळे त्यांनाही खरं सांगता येईना. आधी एक ऐकत नव्हता, आता दोघं ऐकत नव्हते.

आमच्या धंद्यात वस्तू बिघडली तर बदलून देता येते. इथे वस्तू उत्तम चालत होती.

शेठजींनी पेपर खाली केला. "प्रभाकर, तू धुळ्याला सर्व्हिसिंगला जातोस ना? जा, बघून ये. अक्का, काळजी करू नका, हा माणूस मेलेला रेडिओ उठवतो."

म्हणजे माझ्या गप्पा शेठजीसुद्धा खऱ्या मानत होते. आता आली पंचाईत.

मी बॅगेत विक्रीचा थोडा माल भरला आणि धुळ्याची एस.टी. पकडली. पारोळ्यापर्यंत माझ्या डोक्यात एक युक्ती होती. जॅक दुरुस्तीला म्हणून काढून घ्यायचा आणि परत द्यायचाच नाही. पारोळ्यानंतर ती युक्ती पडली. मान म्हणून आलेली वस्तू काढून नेली तर दोन घरांचं बोलणंच बंद व्हायचं. एस.टी.चा पत्रा एवढा तापला होता की दुसरी युक्ती सुचली तरी तिची वाफ झाली असती.

जावयाचं घर गाठलं तेव्हा संध्याकाळ होत होती. दार उघडंच होतं. ओसरीच्या झोपाळ्यावर विहीणबाई. डोळे मिटलेले, डोक्यावर अक्कांचा हेडफोन, मांडीवर वॉकमन. जॅकचं दुसरं भोक रिकामं. मी नमस्कार केला. दिसलाच नाही. खाकरलो. ऐकू गेलं नाही. शेवटी समोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी एक डोळा उघडला आणि सबंध गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "कीर्तन चालू आहे! आत जा!"

हेडफोन लावलेल्या माणसाला वाटतं, जगही आपल्याएवढंच बहिरं आहे.

मी स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो आणि थांबलो. जावईबापू पाटावर बसून लसूण सोलत होते. कान मोकळे. सुनंदा ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापत होती.

"...मग साहेब मला म्हणतो, कारकुना, चूक तुझी."

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी? मी काय म्हणणार? मान हलवली."

"तुमची मान मला माहीत आहे," ती म्हणाली आणि दोघं हसली.

मी दारावर टकटक केली, दुकानाचं नाव सांगितलं. जावयानं मला बसायला पाट दिला आणि पुढ्यात लसणाचे दोन गड्डे ठेवले. सोलता सोलता सगळं कळलं. पहिले काही दिवस मायलेक जोडीनं ऐकत बसले. पण आईला लागायचं कीर्तन. वायर हातभर, त्यामुळे पोराला तिच्याजवळ बसून तेच ऐकावं लागायचं. दुसरी कॅसेट घातली की आई ती काढायची. आईच्या हातातून वॉकमन मागणार कसा? एका संध्याकाळी त्यानं आपली पिन काढली, उठला, आणि घरात बसायला दुसरी जागा नाही म्हणून स्वयंपाकघरात आला. तेव्हापासून रोज येत होता.

"पण अक्का तर म्हणाल्या, मायलेक लावून बसतात?" मी विचारलं.

सुनंदा लाजली. "ते पहिल्या आठवड्यातलं. आईला कळवायचं राहून गेलं. हल्ली वेळच होत नाही, भाऊ. हे इतकं बोलतात!"

जावयानं मान हलवली. ह्या वेळी ती 'हो' होती, हे मलाही कळलं.

माझं काम संपलं होतं. खरं सांगायचं तर मी काही केलंच नव्हतं. तरी जळगावला परत येऊन शेठजींना मी सांगितलं की हे सगळं जॅक विकतानाच माझ्या डोक्यात होतं. त्यांनी ते मानलं. अक्कांनीही मानलं आणि पुढच्या खेपेला दुकानात केळीचा एक घड पाठवला. तो माझ्यापेक्षा उंच होता.

पण त्याआधी, मी धुळ्याच्या त्या घरातून निघालो तेव्हा जावई ओसरीवर आईला चहा द्यायला गेला होता. सुनंदा माझ्या मागोमाग दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "भाऊ, तुमच्याकडे तो सेल पुन्हा भरायचा चार्जर असतो ना?"

"आहे की. बॅगेतच आहे."

"मग देऊन जा. सासूबाईंचे सेल संपत आलेत. संपायला नकोत."

वॉकमनबरोबर द्यायला काय घ्यावं, हे मला तेव्हा पुष्कळ लोक विचारायचे. मी फोम दाखवायचो, चार्जर दाखवायचो, टू-वे जॅक दाखवायचो. आणि माल बांधण्याआधी प्रत्येकाला एक प्रश्न विचारायचो. घरात पाकीट आधी कोण उघडतं?

शेठजींची ती स्पीकरची पेटी मात्र शेवटपर्यंत गेली नाही.