कानस खाली ठेवणाऱ्या मावशी

औषधांच्या कारखान्यात मावशी बावीस वर्षं एकच काम करत होत्या. हरणाची शिंगं कानशीने घासायची, तुकडे करायचे आणि भट्टीवाल्याच्या हवाली करायचे. पुढे त्यांचं भस्म व्हायचं आणि ते छातीच्या दुखण्यावर जायचं. मावशींच्या भुवयांत पांढरी पूड बसलेली असायची. "आज किती हरणं आणलीस?" नवरा रोज विचारायचा. बावीस वर्षांत त्याला दुसरा विनोद सुचला नव्हता.

हरणं दरवर्षी शिंगं आपणहून टाकतात आणि आपण ती नुसती गोळा करतो, असं कारखान्याच्या मालक-वैद्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. गळलेल्या शिंगाचा बुंधा बोथट, खडबडीत असतो. असे हजारो बुंधे मावशींच्या हाताखालून गेले होते.

मंगळवारी नवं पोतं आलं. पहिल्याच शिंगाच्या बुंध्याला कवटीचा तुकडा चिकटलेला होता. मावशी ते घेऊन तडक वैद्यांच्या खोलीत गेल्या.

"हे गळलेलं नाही."

"मग?"

"हरीण मारलंय."

वैद्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "मावशी, भट्टीतून निघाल्यावर दोन्ही पांढरीच."

"भट्टीला नाही कळणार. मला कळलंय."

जागेवर येऊन त्यांनी कानस खाली ठेवली आणि हाताची घडी घालून बसल्या. दोन दिवस त्या वेळेवर आल्या, सही केली, डबा खाल्ला, वेळेवर गेल्या. घरी नवऱ्याने नेहमीचा प्रश्न विचारला. "एकही नाही," मावशी म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी वैद्य स्वतः कानस घेऊन बसले. अर्ध्या तासात बोटभर शिंग आणि अंगठ्याचं अर्धं नख घासलं गेलं.

"हात भरून आले हो."

"येतात," मावशी म्हणाल्या. "पहिली चार वर्षं."

तुमचं बरोबर होतं, असं वैद्य कधीच म्हणाले नाहीत. पोतं मात्र वनखात्याच्या कार्यालयात पोचतं झालं. पोतं पाठवणाऱ्याचा फोन लागेनासा झाला. यादीतून ते भस्म गेलं. रोग्यांनी जरा कुरकुर केली आणि ते काढा घेऊ लागले.

मावशींना शंखांच्या टेबलावर बसवलं. "आत कोण राहत होतं, ते विचारायचं नाही," वैद्यांनी आधीच बजावलं.

"बरं," मावशी म्हणाल्या, आणि त्यांनी पहिला शंख उचलून नाकाशी धरला.